विटाळाचा रंग जांभळा

"हे बघा रे, विटाळ दिसतो. आणि जांभळा दिसतो."

सरांनी कागद खिडकीच्या उजेडात वर धरला होता. हातभर लांब, पांढरा गाळणकागद. त्यावर ठिपक्यांची रांग यायला हवी होती, आणि ती आलीही होती. पण ठिपक्यांच्या उरावर बसल्यासारखे माणसाच्या बोटांचे ठसे उठले होते. रेघ न् रेघ दिसावी असे स्वच्छ, जांभळे.

सरांच्या संशोधनाच्या खोलीत त्यांनी निवडलेली चार पोरं होती. ती हसली. पाचवा मी. मी मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभा होतो. हाताला म्हशीचं रक्त होतं आणि ते कोपरापर्यंत सुकत आलं होतं.

"कागदाला हात लावलास?"

"नाही सर."

कानाखाली बसली. कान गुंगला आणि पोरांचं हसणं लांबून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

"लावलास?"

"नाही सर."

या वेळी लोखंडी स्टँडचा दांडा. खांद्यावर, मग पाठीवर, मग परत खांद्यावर. मी उंबरा ओलांडला नाही. मार खातानासुद्धा ओलांडला नाही, इतकी सवय झाली होती मला त्या उंबऱ्याची. ते आठवलं की आजही माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

दांडा टेबलावर ठेवून सर रुमालानं हात पुसत म्हणाले, "तुमचा हात लागला की काय होतं, ते आमच्या आजोबांना ठाऊक होतं. आता विज्ञानानंही सिद्ध केलं." पोरं परत हसली. सरांनी कागदाचा बोळा केला आणि माझ्या अंगावर फेकला.

मी कागदाला हात लावलेला नव्हता. तो हात प्रभाकरचा होता. प्रभाकर यवतमाळच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मुलगा, सरांचा लाडका. कागद चिमट्यानं धरायचा असतो. या गड्याला चिमटा शोधायचा आळस, म्हणून त्यानं सकाळी तो बोटांनीच दोरीवर टांगला. मी अंगणातून बघितलं होतं. मी बघितलं हे त्यालाही ठाऊक होतं. मला मार पडत होता तेव्हा तो आपल्या चपलेचा अंगठा न्याहाळत होता.

ते जांभळं कशानं होतं तेही सांगतो. कागदावर निनहायड्रिन नावाचं औषध फवारतात आणि कागद शेगडीवर धरतात. प्रथिनांचे बारके तुकडे जिथे असतील तिथे जांभळा डाग उठतो. माणसाच्या घामातही ते तुकडे असतात. कोणाच्याही घामात. बामणाच्या, वाण्याच्या, पाटलाच्या, माझ्या. सर रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांना हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना ते चांगलं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी तो कागद वर धरला.

सरांना डॉक्टरेट हवी होती. विषय असा: मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खळग्यात हरभऱ्याएवढी गाठ असते. तिच्या मागच्या भागात, जो मेंदूचाच तुकडा आहे, एक हार्मोन सापडतं. शरीरातलं पाणी तेच धरून ठेवतं. त्याची घडण म्हणजे नऊ मण्यांची माळ, आणि मणी म्हणजे तेच प्रथिनांचे बारके तुकडे. पण डुकराची माळ आणि इतर जनावरांची माळ हुबेहूब एक नसते, एक मणी वेगळा निघतो. विलायतेत हे आधीच शोधून झालं होतं. सरांना आपल्याकडची म्हैस, बकरी, रानडुक्कर आणि गाय तपासायची होती. गाठीचा अर्क काढायचा, आम्लात उकळून माळ तोडायची, कागदाचं टोक द्रावणात बुडवून मणी कागदावर पळवायचे. कोणता मणी कुठवर पळाला यावरून माळ ओळखायची.

खरं सांगतो, मी त्या माळेवर पागल झालो होतो. महागाव तालुक्यातल्या, फुलसावंगीकडच्या एका खेड्यातला मी. आमच्या वस्तीतून यवतमाळला कॉलेजात गेलेला पहिला. रसायनात वर्गात पहिला आलो आणि सरांनी मला बोलावलं, तेव्हा मला वाटलं गुणांसाठी बोलावलं. छाती फुगवून गेलो. सरांनी मागच्या अंगणातली टिनाची शेड दाखवली आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड माझ्या पायाशी टाकली. हातात दिली नाही. "उचल. तुझ्या हाताला सवय असेल."

सवय नव्हती. मी त्याआधी कधी कवटी फोडली नव्हती. पण शिकलो. सकाळी खाटिकखान्यात जायचं. तिथला चाचा भला माणूस, मुंडकी पोत्यात बांधून ठेवायचा आणि चहा पाजायचा, स्वतःच्याच कपातून. मुंडकी शेडमध्ये आणायची. कुऱ्हाडीनं कवटी उकलायची, मेंदू उचलायचा, खळग्यातली गाठ न फोडता काढायची आणि लगेच अॅसिटोनच्या बाटलीत टाकायची. बाटली मी उंबऱ्यावर ठेवायचो. प्रभाकर ती आत घ्यायचा. बाटली आत गेली की त्या मेंदूचा कोणाला विटाळ नव्हता. वर्गाच्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यांसोबतच बसायचो, तिथं कायदा होता, प्राचार्य होते, भिंतीवर देशाच्या पुढाऱ्यांचे फोटो होते. संशोधनाच्या खोलीत मात्र सरांचं राज्य होतं. "आतलं काम नंतर देतो," असं ते म्हणायचे. मी वाट बघत राहिलो.

एकदा बाप एसटीनं भेटायला आला. मी त्याला मोठ्या अभिमानानं शेडमध्ये नेलं. मुंडक्यांकडे बघून त्यानं नाक मुरडलं नाही.

"कायले पाह्यजे हे?"

मी त्याला माळ समजावून सांगितली, मणी सांगितले, डुकराचा मणी वेगळा तेही सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"चांगलं हाय. शिकासाठी हातात कायबी धरलं तं लाज नाही. तुह्यासंगचे पोरं बी फोडते का हे डोके?"

"ते आतलं काम करते, बा."

"अन् तू आत कवा जाशीन?"

बापानं धोतराला हात पुसले, वाकडा हात चांगल्या हातानं धरला आणि एसटी स्टँडकडे निघाला. मी थांब म्हणालो, चहा घे म्हणालो, पण तो थांबला नाही.

तो हात वाकडा कसा झाला ते इथं सांगायलाच पाहिजे.

छप्पन साली बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव टोपल्यात भरले आणि नाल्यात सोडले. मग बसून ठरवलं: मेलेलं ढोर ओढायचं नाही. ठराव एवढाच. गावाला देव सोडल्याचं काही वाटलं नाही. आमचे देव त्यांना कधी देव वाटलेच नव्हते. पण ढोर न ओढणं म्हणजे गावाच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. निरोप आला, कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बैल फुगला आणि गोठ्यातून वास सुटला. तेव्हा पाटलाची माणसं काठ्या घेऊन वस्तीत आली. बापाला केसाला धरून बाहेर काढलं आणि फरफटत गोठ्यापाशी नेलं. मी मागं धावत होतो. माझ्या पोटात कोणीतरी लाथ घातली आणि मी शेणात पडलो. पडल्या पडल्या सगळं बघितलं.

"वढतं का नाही बे, म्हारड्या?"

"नाही वढत."

"काहून नाही वढत? तुह्या बापानं वढलं, तुह्या आज्यानं वढलं."

"त्यायनं वढलं. मी बौद्ध झालो. मी नाही वढत."

एकानं बापाचा हात गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवला. दुसऱ्यानं काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडल्यासारखा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी बापाला बैलाच्या मागच्या पायांशी दोरानं बांधलं. म्हणाले, ओढशील तेव्हा सुटशील. बाप उन्हात त्या फुगलेल्या बैलाला बांधलेला पडून राहिला. बैलावरच्या माशा बापाच्या तोंडावर बसत होत्या. बाप बेशुद्ध पडला, शुद्धीवर आला, परत विचारलं, परत तेच: "नाही वढत."

दिवस कलला तेव्हा माय आली. हातात विळा होता. पदर खोचलेला. माझी माय कधी कोणापुढं मान वर करून बोलली नव्हती.

"बैल तुमचा मेला, तुमी उचला. माह्या नवऱ्याले आता हात लावसान तं मुंडकं उतरवीन."

कोणी पुढं आलं नाही. तिनं दोर कापला. दोर कापताना विळा बैलाच्या पायात घुसला आणि त्यातून काळं पाणी तिच्या लुगड्यावर उडालं. तिनं ते पुसलं नाही.

त्यानंतर आम्हाला गावात पीठ नाही, मीठ नाही, कोणाच्या वावरात काम नाही. महागावच्या दवाखान्यात जायला कोणी बैलगाडी दिली नाही, म्हणून हात वाकडा जुळला. आणि बैल? नाकाला फडकी बांधून पाटलाच्याच पोरांनी तो शेवटी नाल्यात नेऊन टाकला. त्यांचे हात काही झडले नाहीत. पुढं ती पोरं त्याच हातांनी जेवली.

आता परत यवतमाळला येतो. मला मार पडल्याला दोन-चार दिवस झाले असतील. पाठीवरचे वळ अजून ओले होते. सर शेडमध्ये आले. कधी यायचे नाहीत. चेहरा हसरा होता. मी बोकडाचं मुंडकं उकलत होतो.

"अरे, माझं काम अडलंय. म्हैस झाली, बकरी झाली, रानडुक्करही मिळालं. गाय राहिली. खाटिकखान्यात गाय येत नाही. तुमच्या गावात गाई मरतच असतील."

मी मुंडकं उकलत राहिलो.

"वडलांना सांगून ठेव. जनावर मेलं की लगेच डोकं काढायचं. बर्फाची पेटी मी देतो. तुमचं पिढीजात काम, तुम्हाला काय अवघड? तुझं प्रॅक्टिकल मी बघून घेईन."

"माझे वडील मेलेल्या ढोराला हात लावत नाहीत, सर."

"का?"

"दीक्षा घेतलीय."

सर हसले. रागावले नाहीत, हसले. "देव बदलला म्हणून हात बदलतात होय रे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डोकं आलं नाही तर तू प्रॅक्टिकलला नापास. पदवी विसरायची. गावात जाऊन मग तेच करायचंय तुला."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. गोरा, धुतलेला, नखं कापलेला हात. करंगळीशेजारच्या बोटात पुष्कराजाची अंगठी. माझ्या डोळ्यांपुढं दुसरा हात आला, उंबऱ्यावर ठेवलेला. आणि माझ्या आत जे काही इतकी वर्षं वाकून उभं होतं ते ताठ झालं.

मी कुऱ्हाड खाली ठेवली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं कॉलेजात उठवलं गेलं की मी सरांवर कुऱ्हाड उगारली. खोटं आहे. मी ती भिंतीला टेकवून ठेवली. मग सरांचं मनगट धरलं.

"काय करतोस? सोड! सोड, हरामखोरा!"

मी त्यांना ओढत नेलं. अंगणातून, उंबऱ्यावरून, आत. पहिल्यांदा आत. पोरं खुर्च्या सोडून उठली. टेबलावर कोरे गाळणकागद होते. मी सरांचा हात कागदावर आपटला. मूठ उघडेना. मी मनगट पिळून ती उघडली, त्यांच्या पंजावर माझा रक्तानं माखलेला तळवा ठेवला आणि सगळ्या अंगाच्या जोरानं दाबला. सर ओरडले. त्यांचा चष्मा पडला आणि माझ्याच टाचेखाली फुटला.

मग हात सोडला. फवारणीची बाटली घेतली, कागदावर फवारा मारला. प्रभाकरनं मागून मान आवळली. मी कोपर मागं मारलं. त्याचं नाक फुटलं, तो खाली बसला. बाकीचे तिघं भिंतीला चिकटले. मी कागद शेगडीवर धरला. सर दारातून शिपायाला हाका मारत होते, बाहेर पळत नव्हते. मला वाटतं, त्यांनाही बघायचं होतं.

आधी काहीच उठलं नाही. मग अंगठा उठला. मग बोटं, एकामागून एक. एका बोटावर अंगठीपुरती जागा कोरी राहिली. जांभळा, सुरेख, स्वच्छ पंजा. मी तो त्यांच्या तोंडापुढं धरला.

"हा विटाळ कोणाचा, सर? सांगा पोरांना."

तोवर शिपाई आला आणि आणखी माणसं आली. मग मला जे मारलं त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. तोच लोखंडी दांडा होता. काचेची नळी माझ्या दंडात मोडली, तिचा तुकडा अजून आत आहे, थंडीत ठणकतो. दोन दात गेले. मला व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून लाथेनं खाली ढकललं. मीही मारलं. हाताला लागला त्याला मारलं. प्रभाकरला उठून येताना बघितलं आणि त्याच्या तोंडावर अशी बुक्की घातली की माझीच बोटं सुजली. त्या बुक्कीबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही.

पोलिसात कोणी गेलं नाही. सरांना तो कागद चव्हाट्यावर यायला नको होता. प्राचार्यांनी बापाला गावाहून बोलावलं. प्राचार्य खादी घालायचे, गोड बोलायचे. बापाला त्यांनी खुर्ची दिली. बाप बसला नाही.

"मुलगा हुशार आहे तुमचा. डोकं गरम आहे एवढंच. मी सरांशी बोललोय. यानं सरांचे पाय धरून माफी मागायची. आणि ते गाईचं काय आहे ते तुम्ही करून द्या. शास्त्राचं काम आहे, त्यात कसला कमीपणा? वर्ष वाया जाणार नाही याचं."

बाप माझ्याकडे वळला. माझा चेहरा सुजून एक डोळा मिटला होता.

"पाय धरशीन?"

"नाही."

बाप प्राचार्यांना म्हणाला, "नाही म्हणते तो."

"अहो, पण त्याच्या भविष्याचा प्रश्न आहे!"

तेव्हा मी बोललो. दात गेलेले, शब्द धड निघत नव्हते. तरी बोललो.

"सर, प्रभाकरच्या वडलांना बोलावून तुम्ही कधी सांगितलं का, मेलेल्या गाईचं डोकं कापून पाठवा म्हणून?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"तोच प्रश्न आहे."

प्राचार्य टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले.

"मला नापास करा," मी म्हणालो. "मी परत बसेन. परत करा, परत बसेन. पण यापुढं बसेन तो आत, टेबलाशी. शेडमध्ये जाईन ते पाचही जण जाणार असतील तर. तसं असेल तर कवट्या फोडायला मी सगळ्यांच्या पुढं. नाहीतर ज्याला मेंदू पाहिजे त्यानं कवटी फोडावी. गाय पाटलाची असो, शास्त्राची असो, आमच्या घरातला कोणी तिला हात लावणार नाही."

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "चाल घरी."

"नाही येत, बा. मी घरी आलो तं ते म्हणतीन, गेलं परत ढोरं वढाले."

"मंग राह्य," बाप म्हणाला, आणि कनवटीचा रुमाल काढून माझ्या दंडाला एका हातानं, दातानं गाठ ओढून बांधला.

सरांनी मला नापास केलं. यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये मी सरकी उपसली, रुईच्या धुळीत खोकलो, आणि जूनमध्ये त्याच कॉलेजात परत नाव घातलं. शिपायानं मला ओळखलं आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. मी समोरच्या दारानं गेलो. त्याच वेळी सर आतून बाहेर येत होते, डोळ्यांवर नवा चष्मा होता. दार अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. ते थांबले आणि मी बाजूला व्हायची वाट बघू लागले.

मी बाजूला झालो नाही.